न विचारला जाणारा शब्द

“‘आरोग्य’ काढून टाकूया,” सुचेता म्हणाली.

कॉम्प्युटरवर पुस्तकांच्या विषयशब्दांच्या नोंदी करणाऱ्या, तिची मदतनीस संपदाचे हात थांबले. “अगं, तीनशे पुस्तकांवर आहे तो शब्द.”

“म्हणूनच. मी मीरा रोडला राहते, एवढंच सांगितलं तर माझं घर सापडेल का तुला?”

सुचेता मीरा रोडच्याच हाटकेश भागातल्या वाचनालयात ग्रंथपाल होती. पन्नाशीत तिने माहितीशास्त्राची पदवी घेतली. जो शब्द सगळीकडेच दिसतो तो काहीच सांगत नाही, क्वचित येणारा शब्द जास्त सांगतो, हे ती तिथे शिकली. पण ते मनाला लागलं गेल्या वर्षी, जवळच्या राई गावचे हरिश्चंद्र म्हात्रे आले तेव्हा.

“बायकोच्या गल्याचं आपरेशन झालं, आवाज गेला. पुन्ना बोलाया शिकवील असं पुस्तक हाय का?”

तिने ‘आरोग्य’ची यादी उघडली, कपाटं धुंडाळली. मिळालं नाही. “ऱ्हाऊ द्या, ताई,” म्हणून ते निघून गेले.

पुढे कपाट झाडताना ते पुस्तक हाती आलं. स्वरयंत्र गमावलेल्या एका शिक्षकाने लिहिलेलं. तेव्हाही ते इथेच होतं, ‘आरोग्य’ एवढाच शब्द लावलेलं. सुचेता त्याच दिवशी ते घेऊन बसने राईला गेली आणि विचारत विचारत त्यांच्या दारात पोचली. परतताना मात्र तिला समाधान नव्हतं. हे एक घर सापडलं, पण असे किती जण रिकाम्या हाताने परत गेले असतील?

दुसऱ्या दिवसापासून तिने अख्ख्या वाचनालयाच्या नोंदी नव्याने करायला घेतल्या. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, चाललंय ना नीट?” ती हसली आणि काम करत राहिली.

आज तेच पुस्तक समोर होतं. म्हात्रे ते परत द्यायला आले होते, सोबत त्यांची बायको सुगंधा.

“याला ‘स्वरयंत्र’ देऊ?” संपदाने विचारलं.

“शब्द नेमका आहे. पण तो विचारत येणार कोण?” सुचेता सुगंधाकडे वळली. “वहिनी, तुम्ही काय म्हणून शोधलं असतं?”

“ती म्हनते...” म्हात्रे बोलू लागले. सुगंधाने त्यांच्या दंडावर हात ठेवला. पुस्तकात शिकल्याप्रमाणे तिने हवा गिळली, मान किंचित वर केली. घोगरा, तुटक आवाज आला.

“आवाज... परत... पायजे.”

म्हात्रे खिडकीबाहेर बघत राहिले. संपदाने पुस्तकाच्या नोंदीत तेच शब्द टाइप केले. सुगंधाने गळ्यावरचा रुमाल सरळ केला आणि स्क्रीनकडे वाकून ते वाचले.