हिरवळीखालची जागा

“ते सगळं राहू दे. मेणबत्ती कुठे लावायची, तेवढं सांग,” हेडी मावशी म्हणाली.

ती बाबांच्या स्वयंपाकघरात बाबांच्याच खुर्चीवर बसली होती, कोटसुद्धा न काढता. टेबलावर तिने घरून आणलेला लोण्याचा केक होता. आमच्याकडे मयताच्या घरी नेतात तो. दुसऱ्या दिवशी मृतांचा रविवार. नोव्हेंबर सरताना येणाऱ्या त्या रविवारी आल्टेनरोडे गावात घरटी एक तरी लाल मेणबत्ती दफनभूमीत जातेच. हेडी आमची शेजारीण, मावशी नुसती म्हणण्यापुरती. बाबा जाऊन महिना होऊन गेला होता आणि त्यांच्या नावाची मेणबत्ती तिच्या पिशवीत होती.

“निनावी कलशांच्या हिरवळीवर काही ठेवता येत नाही, मावशी. फूल नाही, मेणबत्ती नाही. तसा नियमच आहे.”

“बरं, म्हणजे एर्विन नक्की कुठे आहे?”

“हिरवळीखाली. नेमकी जागा दफनभूमी सांभाळणाऱ्या ओल्टमानना ठाऊक असते. ते सांगत नाहीत.”

“तूसुद्धा नव्हतीस कलश पुरताना?”

“त्यात कुणालाच बोलवत नाहीत.”

मावशीने सुरी खाली ठेवली. “अगं, वर रानात सरकारांच्या घराण्याच्या कबरींशेजारी त्यांच्या कुत्र्याला दगड आहे. नाव कोरलेला! हेक्टर म्हणे, इमानी हेक्टर! आणि ज्याने जन्मभर त्या हेक्टरच्या नावावरचं शेवाळ खरवडलं, तो कुठे आहे म्हणून विचारलं तर, ‘सांगत नाहीत’.”

“बाबांनीच सांगितलं होतं तसं.”

“काय सांगितलं होतं? त्याच्या शब्दांत सांग.”

मी आठवून पाहिलं. आठवावं लागलं नाही खरं तर. ऑगस्टमधली दुपार होती. ह्याच टेबलावर आम्ही दोघं समोरासमोर बसून घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत होतो. बाबा मान वर न करता म्हणाले, ‘माझं झालं की मला हिरवळीखाली टाका. कबर-बिबर नको. ब्रेमेनहून कुठे येत बसशील पाणी घालायला.’

“आणि तू काय म्हणालीस?”

“बरं म्हटलं.”

“मग?”

“मग काही नाही.”

“एकदाच विचारलंस?”

“मी विचारलंच नाही, मावशी. ते म्हणाले, मी बरं म्हटलं.”

मग तिने केकची बशी माझ्यापुढे सरकवली. “घे.”

“नको गं, आत्ताच—” मी म्हणाले, आणि थांबले.

“बघ,” मावशी म्हणाली. “पन्नाशी उलटली तुझी, तीस वर्षं ब्रेमेनला राहतेस, तरी पहिल्यांदा विचारल्यावर तुझा हात पुढे येत नाही. मग त्याचा कसा येईल?”

आमच्या गावात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. पाहुण्याने एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा पोटावर हात ठेवायचा, आणि तिसऱ्यांदा बशी पुढे करायची. यजमानाने तिसऱ्यांदा विचारलं नाही तर लोक उपाशी उठतात आणि वर्षभर ते बोलून दाखवतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी विसरलेही नव्हते. फक्त त्या दुपारी ते मला आठवायला नको होतं.

“मला सांगितलं होतं त्याने,” मावशी आता हळू बोलत होती. “त्याच आठवड्यात. ‘उल्लीला सांगून ठेवलंय,’ म्हणाला, ‘पण ती ऐकायची नाही. भांडेल माझ्याशी. छोटासा का होईना, दगड ठेवेलच.’ हसत होता सांगताना. खूश होता गं.”

मी केक खाल्ला.

बाबा सरकारांच्या बागेत माळी होते. राज्य जाऊन शंभर वर्षं उलटली, पण गावात इथल्या राजघराण्याला अजून सरकारच म्हणतात, थोडं मानाने आणि थोडं चिडवत. बागेबरोबर त्यांच्या दफनाच्या दोन्ही जागाही बाबांकडे आल्या. एक चर्चखालचं तळघर. ते कथिलाच्या शवपेट्यांनी इतकं भरलं की पुढच्या सरकारांना आत जागाच उरली नाही. मग दुसरी, टेकडीवर बीच वृक्षांच्या रानात, बुटक्या लोखंडी कुंपणाच्या आत. तळघर वर्षातून एकदा झाडायचं असे, आणि विजेरी धरायला मी. मला भीती वाटू नये म्हणून बाबा एकेका पेटीशी थांबून ओळख करून देत. ‘हे पोटाने मेले. हे लढाईत, असं म्हणतात. खरं म्हणजे जिन्यावरून पडले. ह्या बाईंना कुणी विचारलं नाही कधी, यांना आधी नमस्कार कर.’

सरकारांच्या घरातल्या बेनेडिक्टा बाईसाहेबांच्या आई गेल्या, तेव्हाची गोष्ट. बाबांनी सकाळी रानात त्यांची कबर खणली. मग अवजारांच्या खोपटामागे जाऊन काळा सूट घातला, नखांतली माती निघेना म्हणून हातमोजे चढवले, आणि लोकांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. स्वतःच उपसलेल्या मातीतल्या तीन मुठी त्यांनी सगळ्यांसारख्याच आत टाकल्या. मग सगळे कॉफीला गेले आणि ते पुन्हा खोपटामागे गेले.

आमची आई बाबांच्या आधी पुष्कळ वर्षं गेली. तिची कबर गावच्या दफनभूमीत भिंतीलगत होती. होती म्हणते, कारण आमच्याकडे जमीन ठराविक मुदतीसाठीच मिळते. मुदत संपली, दगड उचलला गेला, आता तिथे दुसरं कुणी आहे. कायमचं असं फक्त सरकारांचं असतं.

माझ्या त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते मला नीट माहीत आहे. उन्हाळ्यात दर आठवड्याला पाणी कोण घालणार, हा प्रश्न त्यात मिटला होता. कबरीवर तण दिसलं की आमचं गाव त्या घराची मापं काढतं. तेही टळलं होतं. मला हायसं वाटलं होतं, आणि ते लपवण्याइतकाही वेळ मी घेतला नव्हता.

“ओल्टमानला विचारलंस? कलश काढता येईल का?”

“कालच फोन केला. महिनाभर मन खातच होतं. एकदा पुरला की पुरला, म्हणाले. फक्त दुसऱ्या दफनभूमीच्या मालकाने स्वतःहून जागा देऊ केली आणि मागणी केली, तर विचार होऊ शकतो. कधीतरी.”

“मग आहे की मालक!” मावशी उठून उभी राहिली. “आज वर जाणारच आहेस ना फांद्या घालायला? बाईसाहेबही येतील. त्यांना माग. सरळ माग, उल्ली. ओल्टमान तुझं ऐकणार नाही, पण सरकारांच्या घरून शब्द गेला तर टोपी काढून ऐकेल.”

मृतांच्या रविवारआधी कबरींवर सूचीपर्णी स्प्रूसच्या फांद्या अंथरायच्या असतात. थंडीत खालची रोपं जगतात आणि कबर उघडी दिसत नाही. सरकारांच्या कबरींवर त्या दर वर्षी बाबा घालत. नवा माळी अजून नेमला नव्हता, म्हणून यंदा मी घालीन असं मीच कळवलं होतं. दुपारी मी टेकडीवर गेले. वनखात्याच्या माणसांनी फांद्यांचा ढीग कुंपणाशी टाकून ठेवला होता. जाड देठ आत, शेंडे बाहेर, कौलं शाकारतात तशा एकीवर एक लावायच्या. बाबांच्या हातची कबर गादीसारखी दिसे. माझ्या हातची वादळात सापडल्यासारखी दिसत होती.

“अहो फ्राऊ तीमान, एकट्याच?” बेनेडिक्टा बाईसाहेब रबरी बूट घालून चिखलातून वर येत होत्या. माझ्याच वयाच्या. शिक्षण सगळं स्वित्झर्लंडला, राहतात म्यूनिकला, गावात येतात ते वर्षातून दोनदा. त्यांनी दुसऱ्या बाजूने फांद्या लावायला घेतल्या. त्यांची बाजू माझ्याहून वाईट होती, त्यामुळे जरा बरं वाटलं.

“तुमच्या बाबांनी मला सायकल शिकवली, ठाऊक आहे? इथेच. आईने पाहिलं तोवर आमच्या पणजोबांभोवती दोन फेऱ्या झाल्या होत्या.”

“बाबा कधी बोलले नाहीत.”

“मी शपथ घातली होती त्यांना.” त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. “कुठे ठेवलंय त्यांना?”

“खाली गावात. हिरवळीखाली.”

“म्हणजे... दगडाशिवाय?”

“हो.”

त्या कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. रांगेतल्या दगडांवरून त्यांची नजर कोपऱ्यातल्या बीचपर्यंत गेली. तिथे कुंपणाच्या आत बरीच जागा मोकळी होती.

“इथे आणू या का त्यांना?” त्या म्हणाल्या. “त्या झाडाखाली. मी अजून भावाशी बोलले नाही, वकिलालाही विचारावं लागेल, पण... त्यांनी जन्म काढला इथे. तुमची इच्छा असेल तर मी दफनभूमीला सांगते.”

ज्याच्यासाठी मी टेकडी चढून आले होते, ते त्यांनी न मागता माझ्यापुढे धरलं होतं. मी तोंड उघडलं.

“छे हो,” मी म्हणाले. “कशाला तुम्हाला त्रास.”

ते माझे शब्द नव्हते. आवाज माझा होता, पण मानेचा तो झटका, खाली वळलेली नजर, सगळं गावाचं होतं, बाबांचं होतं. आणि मी फांदी हातात धरून उभी राहिले, त्या पुन्हा विचारतील म्हणून. अगदी सहज उभी राहिले. विचारणारच, याची मला खात्री होती.

“बरं,” बाईसाहेब म्हणाल्या. “जशी तुमची इच्छा.”

त्यांचे खांदे जरासे उतरले. चेहरा मोकळा झाला. भाऊ, वकील, सरकारी कचेऱ्या, सगळं त्यावरून निघून गेलं. त्या वाईट नाहीत. त्यांनी मनापासून विचारलं होतं आणि त्यांना मनापासूनच सुटल्यासारखं वाटलं होतं. दोन्ही खरं होतं. तो चेहरा मी ओळखला. मी स्वतः तो पाहिलेला नव्हता. पाहिला होता तो बाबांनी, माझं ‘बरं’ ऐकून घेवड्याच्या शेंगांवरून मान वर करून, टेबलापलीकडे.

अजून उशीर झालेला नव्हता. ‘खरं तर हवी आहे हो ती जागा,’ एवढंच म्हणायचं होतं. बाईसाहेब उद्याच्या प्रार्थनेबद्दल, पाद्रीबाबांच्या सर्दीबद्दल बोलत होत्या. मी दोनदा श्वास घेतला. पण ते म्हणायचं तर त्यांच्या चेहऱ्यावरचं ते मोकळेपण पुन्हा आवळताना बघावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्याने होईना.

बाबांनाही तेवढंच म्हणायचं होतं. ‘उल्ली, खरं तर दगड हवा गं.’ त्यांनी पुढची शेंग उचलली होती.

“तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” बाईसाहेबांनी विचारलं.

“वारा आहे,” मी म्हणाले. “डोळ्यांत जातो.”

राहिलेल्या कबरी आम्ही दोघींनी झाकल्या. हेक्टरच्या दगडालाही एक फांदी लागली.

खाली गावात आले तेव्हा दफनभूमीत गर्दी होती. लोक गुडघे टेकून माती सारखी करत होते, एकमेकांच्या कबरीकडे तिरक्या नजरेने बघत होते. हिरवळीचा तुकडा अगदी टोकाला, लिंडेनच्या झाडांखाली. कुणी नव्हतं तिथे. पानांचा थर इतका जाड की गवत दिसत नव्हतं.

ओल्टमान ढकलगाडी घेऊन आले. “फ्राऊ तीमान, इथे काही ठेवायचं नाही हं. नंतर मलाच उचलावं लागतं.”

“काही आणलं नाही मी.”

“आणि कुठे ते विचारू नका. एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागतं. एर्विन माझा दोस्त होता, तरी नाही सांगणार.”

“नाही विचारत.” मी पायाने थोडी पानं बाजूला सारली. “ओल्टमान, ठेवायला बंदी आहे. उचलायला आहे का?”

“काय उचलायला?”

“पानं.”

त्यांनी टोपी मागे सरकवली. नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात वाचत असावेत. “पानांचं कुठे काही म्हटलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “सोमवारी माणसं येणारच आहेत पण.”

“सोमवारपर्यंत रविवार होऊन जाईल.”

ते गेले. येताना त्यांनी लाकडी दाताळं आणलं, माझ्या हातात दिलं, आणि ढकलगाडी तिथेच ठेवून पाठ फिरवून पाण्याच्या नळाकडे निघून गेले.

मी भिंतीच्या कडेने सुरुवात केली. वरची पानं सुटी होती, खालची भिजून गवताला चिकटलेली. पलीकडे कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, “ती एर्विनची मुलगी ना?” आणि उत्तर मला ऐकू आलं नाही. गाडी भरली की रिकामी करून येत होते. हळूहळू गवत दिसू लागलं, आखूड, ओलं, इथून तिथून सारखंच. कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही. ते नेमके कुठे आहेत ठाऊक नसल्यामुळे एकही कोपरा सोडता येत नव्हता, आणि दाताळं कुठेच जोराने ओढता येत नव्हतं.