या मेंढरांनी काय केलं होतं?

"तुम्ही खोटारडे आहात. माझा माणूस साथीत गेला, तुम्ही कागदावर हृदयविकार लिहिलात. माझा माणूस पुरायचा होता, तुम्ही जाळलात."

सिपोराबाई झिराडकरने सातवा अर्ज असा सुरू केला आणि शेजारच्या नवीनने कपाळाला हात लावला.

"अक्का, 'सविनय सादर' लिहितात."

"सविनयवाले सहा त्यांनी खाल्ले. ढेकर तरी दिला का?"

बाई सत्तरीची. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं नर्स होती. नवरा एझ्रा भुसावळच्या रेल्वेत फिटर. दोघं यहुदी. वाडवडील कोकणातले, रेल्वेच्या नोकरीपायी खान्देशात आले आणि इथलेच झाले. आता पिंप्राळ्यात हे एकच घर उरलं होतं. कुणी विचारायचं, "यहुदी म्हणजे ख्रिश्चनच ना?" एझ्रा म्हणायचा, "त्यांच्या आधीचे. चुलते समजा."

या लोकांत माणसं मोजत नाहीत. भांडी मोजा, केळीचे घड मोजा, माणूस मोजू नका. दावीद राजाने एकदा गर्वाने सगळी प्रजा मोजली आणि मुलखात तीन दिवस मरी आली, सत्तर हजार माणसं गेली, असं त्यांच्या शास्त्रात आहे. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमले की नाही हे सिपोराचा बाप बोटाने कधी बघायचा नाही. दहा शब्दांचं एक वचन होतं, त्यातला एकेक शब्द एकेका माणसावर ठेवत जायचा. वचन पुरं झालं की प्रार्थना सुरू. ही सवय सिपोराच्या हाडात मुरलेली. वॉर्डात हजेरी द्यायची वेळ आली तरी ती पेशंटची नावं घ्यायची. आकडा दुसरी सिस्टर टाकायची.

ही सवय तिला एकवीसच्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या साथीत नडली. निदान तिला तसं वाटलं, आणि चार वर्षं वाटत राहिलं.

त्या वर्षी पेसाहच्या सणाला एझ्राने नेहमीसारखं मनुकांचं सरबत केलं. मिसर देशावरच्या दहा पीडांची नावं घेत बोटाने दहा थेंब ताटलीत काढले. रक्त, बेडूक, उवा, असं शेवटी थोरल्या लेकरांच्या मरणापर्यंत. वैरी मेला तरी आपला पेला भरलेला ठेवायचा नाही, म्हणून हे थेंब काढायचे. दहावा थेंब काढून तो म्हणाला, "फारो राजाला दहादा सांगितलं, आमची माणसं सोड. ऐकलं नाही त्याने आणि मेली मात्र लोकांची पोरं." तोवर शहरात खाटा मिळेनाशा झाल्या होत्या.

"गावात साथ आली की पाय घरात ओढून घ्यावेत, असं आपलेच जुने गुरू सांगून गेलेत," सिपोरा म्हणाली. एझ्राने पाय ओढले होते. पण भाजीवाला दारात आला, पेपरवाला आला, साथही आली. दोन आठवड्यांत एझ्रा दवाखान्यात, पाचव्या दिवशी खलास.

सिपोरालाही ताप होता, घराला पालिकेने बाहेरून कुलूप लावलं होतं. तेव्हा पालिकेतून फोन आला.

"अंत्यविधीला किती जण येणार?"

"कुलूप काढलंत तर मी येईन. शेजारचा नवीन येईल. पुण्याहून आमचा मुलगा एलिया निघालाय. दादा, आमच्यात पुरतात. भुसावळला आमची जागा आहे..."

"आकडा सांगा, बाई."

"आम्ही माणसं मोजत नाही हो..."

फोन कट. परत लावला, उचलला नाही. संध्याकाळी निरोप आला, विधी उरकला.

आकडा सांगितला असता तर? 'तीन' एवढंच बोलायचं होतं. त्या एका शब्दापायी आपण नवऱ्याला आगीत घातलं, हे तिने एलियालाही सांगितलं नाही. तिकडे गोऱ्यांच्या मुलखात मरी आली की यहुद्यांनी विहिरीत विष टाकलं म्हणून माणसं जिवंत जाळायचे. इथे कुणी कधी खडा मारला नाही, म्हणून तिचा बाप या मातीवर जीव टाकायचा. आणि आपण काय केलं?

सातवा अर्ज माहितीच्या अधिकारात होता. पालिकेत हितेंद्र नावाचा नवा कारकून होता, अजून निबर झालेला नव्हता. त्याने गठ्ठ्यातून एझ्राच्या मृतदेहाची चिठ्ठी काढून पुढे ठेवली. 'मृतदेह क्र. १४. धर्म : इतर. नातेवाईक :' आणि पुढे कोरं.

सिपोरा खुर्चीत बसली. "हे कोरं माझ्यामुळं राहिलं."

"मावशी, सगळ्यांचंच कोरं आहे." हितेंद्रने गठ्ठा उलगडून दाखवला. "बाकी मला विचारू नका, मी तेव्हा कॉलेजात होतो. पितांबरला विचारा. शिंदखेड्याचा आहे, तेव्हा स्मशानात कंत्राटावर होता."

दुसऱ्या दिवशी नवीनने तिला एसटीने शिंदखेड्याला नेलं. पितांबर ओट्यावर तुरी पाखडत होता. चिठ्ठी बघितली आणि सूप खाली ठेवलं.

"मीच जाळा, माय. बठ्ठा जाळात, एकबी नही सोडा."

"चिठ्ठी कोरी होती म्हणून?"

"चिठ्ठी कोन वाची? सकायलेच फोन उना व्हता. बठ्ठास्ले जाळा, कोनी वाट नका दखू. कागदबिगद काही नही, नुसता फोन. तुमना मानूस गाडीमा उना तवय लाकडं रचेल व्हतात."

"मी तीन जण येतो म्हणाले असते तर?"

"तीन काय, तीनशे म्हनतीस तरी काय व्हतं? एक मुसलमान पोऱ्या फाटकले धरी रडे. त्याना बापबी जाळा. राख तापीमा सोडी. एकमेकनी येगळी करता नही उनी. माले शिव्या दी लेय, माय."

सिपोराने त्याचे हात बघितले. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. असे डाग पडायला किती दिवस जाळाजवळ उभं राहावं लागतं ते तिला कळत होतं.

"हातमोजे दिले होते का रे तुला?"

"पयलाच दिन."

"शिव्या नाही द्यायच्या तुला," ती म्हणाली. "आमच्यात अहरोन नावाचा मोठा याजक होऊन गेला. साथीत मेलेले आणि जिते यांच्या मधोमध तो उभा राहिला. बाकीचे पळाले. तू तिथे होतास. फोन करणारा कुठे होता?"

पितांबरने आत हाक दिली. त्याच्या बायकोने चहा आणला. सिपोराने तो सगळा प्यायला. गेली चार वर्षं ती अर्धा कप टाकून द्यायची, हे नवीनला ठाऊक होतं.

घरी येऊन तिने आठवा अर्ज लिहिला. नवीन 'सविनय' म्हणाला नाही.

"माझ्या नवऱ्याला तुम्ही चौदा केलंत. साथीत मेलेल्यांच्या यादीत मात्र चौदावाही धरला नाहीत. जन्मभर ज्याने माणूस मोजला नाही, त्याचं तुम्ही हे केलंत. चार वर्षं मी स्वतःला दोष दिला. आता देणार नाही, पितांबरलाही देणार नाही. दावीद राजा होता. मरी त्याच्यामुळे आली तेव्हा तो उघड बोलला, पाप मी केलं, या मेंढरांनी काय केलं? राजा असून बोलला. तुम्ही राजे नाही, पगारी आहात. त्या दिवशी सकाळी स्मशानात फोन कुणी केला? हुद्दा नको, नाव लिहून द्या. उत्तर द्या."