नावेदच्या अंगावरचे निळे जाकीट

मी एक जुने निळे जाकीट आहे, मित्रांनो. पनवेलच्या बाजारात मी मिळत नाही. युद्ध चालू असलेल्या देशांत औषधे पोहोचवणाऱ्या एका संस्थेने मला शिवून घेतले आणि माझ्या पाठीवर पांढरी खूण छापली. ती खूण दिसली की गोळी झाडायची नाही, असा सगळ्या जगाचा कायदा आहे म्हणे.

मला घालणारा नावेद पनवेलचा. आधी तो आखातात ट्रक चालवायचा. पनवेलजवळच्या विचुंब्याच्या शशिकला सिस्टर या संस्थेत नर्स होत्या. त्यांच्या ओळखीने तो संस्थेचा ड्रायव्हर झाला. सुट्टीत तो मला घेऊन घरी आला, तेव्हा त्याची बायको जमिला हिने मला उलटसुलट करून पाहिले.

"किती बारीक आहे ही खूण! दुरून कशी दिसणार?" असे म्हणत तिने मशीनवर पांढरे कापड जोडून ती चांगली मोठी केली. नावेद हसला. मला मात्र फार अभिमान वाटला.

परत गेल्यावर मी खरोखरच दुरून दिसू लागले. नावेद गाडीतून उतरला की आजारी लेकरांना घेऊन बाया धावत येत. एक म्हातारा तर मला हात लावून तोच हात कपाळाला लावायचा.

मग एके दिवशी शशिकला सिस्टर गाडीत असताना बंदूकधाऱ्यांनी आम्हाला अडवले. नावेद हात वर करून उतरला. "औषधं आहेत, फक्त औषधं!" तो तिथल्या भाषेत ओरडला आणि खूण दिसावी म्हणून त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

गोळ्या माझ्यातूनच आत गेल्या. मित्रांनो, मी नुसते कापड, मी काय अडवणार? शशिकला सिस्टर मला त्याच्या जखमांवर दाबून धरत राहिल्या. रक्त थांबले नाही. नावेद वाचला नाही.

सिस्टरनीच मला पनवेलला आणले. जमिलाने विचारले, "त्यांना खूण दिसली नसेल ना, सिस्टर? धूळ असेल, अंधार असेल..."

सिस्टर तिच्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या, "दिसली होती, जमिला. भर दुपार होती."

"या अल्लाह! मग मी ती मोठी कशाला केली?" मला छातीशी आवळून जमिला ओरडली. तिला कोणालाच सावरता येईना.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या तिच्या लेकीने, यूम्नाने, हळूच विचारले, "सिस्टर, अब्बांची गाडी आता कोण चालवतं?"

"कोणीच नाही गं. तिथलं काम बंद झालं."

"मग त्या आजारी मुलांचं काय?"



मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणत नाही. जो शस्त्र न घेता मदतीला येतो, त्याला जिवंत घरी जाऊ द्या, एवढेच मागते. ज्यांनी हे ऐकायला हवे, ते पनवेलला कधी येणार नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते आहे. दुसरे कोणाला सांगू?