कुंकू लावलेली पाटी

रक्षणाचा भार आणि रक्षणाचा अधिकार एकाच हाती क्वचितच येतात. भार बहुधा एखाद्या अशक्त खांद्यावर ठेवलेला असतो आणि अधिकार दुसऱ्याच्या खुर्चीत विसावलेला असतो. अनर्थ ओढवला की जग खांदा शोधते. खुर्चीकडे पाहण्याची रीत नाही.

काळाचौकीतल्या त्या लाँड्रीत परळच्या रुग्णालयांच्या चादरी येत. धुतलेली चादर दोन बायकांनी दोन टोकांनी धरायची आणि तापलेल्या रोलरांच्या तोंडी द्यायची. पलीकडून ती कडक, गुळगुळीत होऊन बाहेर पडे. एक टोक बकुळाचे, दुसरे शेवंतीचे. रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी होती. हात चुकून पुढे गेला तर आधी तिला लागावा आणि यंत्र जागीच थांबावे, अशी तिची योजना होती.

रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी बकुळा ओल्या टॉवेलचा बोळा त्या पट्टीला टेकवून पाही.

"झाली का गो पट्टी बघून?" शेवंती दुसऱ्या टोकाकडून म्हणे. "आता हळदीकुंकू पण लाव तिला. सेफ्टी मॅडम आमच्या."

बकुळा लाँड्रीच्या सुरक्षा समितीत कामगारांची प्रतिनिधी होती. समितीत एक बाई हवी असा नियम निघाला, तेव्हा व्यवस्थापक हितेंद्रभाईंनी बोट दाखवून तिला निवडले होते. बैठकीत चहा येई, बटाटावडा येई, भिंतीवर लावायला एक फोटो निघे. बकुळा मात्र वडा रुमालात बांधून शेवंतीसाठी नेई आणि बैठकीत बोललेले खरे मानी. हा तिचा एकच दोष होता.

नवमीच्या आदल्या दिवशी टॉवेल पट्टीला टेकला आणि यंत्र थांबले नाही. रोलरने टॉवेल आत ओढून नेला.

"दसरा होऊ दे ना, बकुळाबेन," हितेंद्रभाई म्हणाले. "मेकॅनिक गावाला गेलाय. मशीन बंद म्हणजे हॉस्पिटलची बोंब. दोन दिवस जरा सांभाळून घ्या."

"सांभाळायला पट्टी असते, साहेब. ती गेली तर हातच उरतात."

समितीने दिलेला एक अधिकार कागदावर होता: धोका दिसला तर प्रतिनिधीने यंत्र बंद करून त्यावर पाटी लावावी. आजवर तो कोणी वापरला नव्हता. बकुळाने कपाटातून लाल पाटी काढली. तिच्यावर मानवी कवटीचे चित्र होते आणि खाली 'धोका, चालू करू नये' अशी अक्षरे. ती तिने यंत्राच्या बटणाशीच तारेने बांधली. शेवंती शेजारी उभी होती. मुकादम गणपत लांबून पाहत होता.

"गणपतकाका, दुरुस्ती होईपर्यंत ही पाटी हलवू नका. उद्या-परवा माझी रजा आहे."

"परवा दसरा ना," गणपत म्हणाला. "तुमचा पण सण असतो त्या दिवशी."

"हो. अशोक विजयादशमी. चाळीतल्या बायकांना घेऊन दादरला जायचंय चैत्यभूमीला."

"जा की बिनधास्त. आम्ही आहोत."

गणपतचे वडील गिरणीत होते. खंडेनवमीला गिरणीतले माग झेंडूने मढवत, त्यांना हळदकुंकू लागे, आणि त्या दिवशी यंत्राला हत्यार लावणे पाप मानले जाई. गिरणी गेली, पूजा तेवढी मुलाच्या हाती राहिली. नवमीला गणपतने स्नान करून शुचिर्भूत मनाने यंत्राला हार घातला, तोरण बांधले आणि आरतीचे ताट उचलताना त्याची दृष्टी कवटीवर पडली. देवीसमोर कवटी. त्याच्या अंगावर काटा आला. त्याने तार सोडली. तथापि लोकांच्या रक्षणाची वस्तू अशीच भिरकावून देण्याइतका तो अश्रद्ध नव्हता. त्याने पाटीलाही कुंकवाचे बोट लावले आणि साबणाच्या पिंपांमागे ती उभी करून ठेवली. आरती झाली की पुन्हा बांधू, असे मनाशी म्हटले. आरती झाली, प्रसाद वाटला गेला. पाटी पिंपांमागेच राहिली.

दसऱ्याच्या सकाळी गठ्ठ्यांचे ढीग दारापर्यंत आले होते. मुहूर्ताची पहिली चादर सवाष्णीने लावायची, ही तिथली प्रथा. गणपतने शेवंतीला पुढे केले.

"पाटी होती ना हिच्यावर?" तिने विचारले.

गणपतला आठवले की नाही, हे त्याच्या अंतर्यामीलाच ठाऊक. तो नारळ फोडत होता.

"पाटी नाही म्हणजे बकुळाने बघितलं असणार," शेवंती स्वतःशीच म्हणाली. "ती नाही सोडायची अशी." आणि ती निश्चिंत झाली.

तोरणातले एक झेंडूचे फूल सुटून चादरीवर पडले. रुग्णालयाच्या पांढऱ्या चादरीला पिवळा डाग लागला असता. शेवंतीने ते उचलायला उजवा हात पुढे केला. मनगट पट्टीला लागले. यंत्र थांबले नाही.

पट्टी त्याच दुपारी दुरुस्त झाली. मेकॅनिक गावाला गेलाच नव्हता.

समितीची बैठक भरली तेव्हा शेवंतीच्या उजव्या मनगटापुढे हात उरला नव्हता, फक्त पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. हितेंद्रभाईंनी रुग्णालयात जाऊन तिला लाँड्रीच्या दाराशी बसून करायचे काम देऊ केले होते. अट कोणी बोलून दाखवली नव्हती. तशी गरजही नव्हती. आज वडे आले नव्हते, चहा मात्र आला.

"पाटी लावली होती असं प्रतिनिधी म्हणतात," हितेंद्रभाईंनी सुरुवात केली. "गणपत, तू काय पाहिलंस?"

गणपत कपातल्या चहाकडे पाहत होता. "पूजा आटपली तेव्हा पाटी नव्हती."

"शेवंतीताई?"

"मी चादर लावली तेव्हा नव्हती."

दोघेही खोटे बोलले नाहीत. असत्याला निदान कधीतरी लाज वाटते. सत्याचा तुकडा मात्र निर्लज्जपणे पूर्ण सत्याच्या आसनावर जाऊन बसतो.

बकुळाने पिशवीतून पाटी काढून टेबलावर ठेवली. कवटीच्या कपाळावर कुंकू वाळले होते.

"ही पिंपांमागे सापडली. कुंकू मी लावलं नाही. मी कुंकू लावत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

गणपतने कप खाली ठेवला. त्याने कुंकवाचे बोट मुठीत दडवले.

"पिंपांमागे होती, म्हणजे मशीनवर नव्हती," हितेंद्रभाई शांतपणे म्हणाले. "आणि त्या दिवशी प्रतिनिधी रजेवर."

बकुळा शेवंतीकडे वळली. "शेवंते, पूजेच्या आदल्या दिवशी मी तार बांधताना तू शेजारीच होतीस."

शेवंतीने डाव्या हाताने उजव्या मनगटावरची पट्टी सारखी केली.

"आदल्या दिवसाचं कोण विचारतंय गो इथं," ती म्हणाली.

बकुळाने पाटी टेबलावरच सोडली. समितीतून तिचे नाव कमी झाले आणि कामगारांचा प्रतिनिधी म्हणून, बाईचा नियम विसरून, गणपतचे नाव आले. पाटीवरचे कुंकू कोणी तरी ओल्या फडक्याने पुसले. फोटो निघाला.

जेवणाच्या सुट्टीत पुढे कुणीतरी म्हणेच, "पूजेला थांबली असती तर दिसलं असतं की." बकुळा डबा उघडून भिंतीकडे तोंड करून बसे. चादरीच्या दुसऱ्या टोकाला आता प्राची नावाची नवी मुलगी होती. तिचे टोक नेहमी थोडे सैल राही.

शेवंती दाराशी स्टुलावर बसून डाव्या हाताने गाठोड्यांवर खडूची खूण करी. बकुळा तिच्यासमोरून रोज आत जाई. दोघी बोलत नसत.

पुढच्या खंडेनवमीला यंत्राला पुन्हा हार चढला. गणपत ताट घेऊन उभा होता. पूजेपूर्वी यंत्र एकदा चालवून पाहायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते; तरी त्याने ते चालू केले होते. बकुळा सवयीने पुढे झाली. तिने ओल्या टॉवेलचा बोळा केला आणि पट्टीला टेकवला. यंत्र थांबले. गणपत ताट हातात धरून, मान खाली घालून, ती बाजूला होईपर्यंत थांबला.

तेव्हा दाराकडून, बऱ्याच महिन्यांनी, आवाज आला.

"झाली का गो पट्टी बघून?"

बकुळाने मागे वळून पाहिले नाही. "झाली," म्हणाली, आणि घडी घालायला एका चादरीचे टोक हाती घेतले.

ज्या हातांनी परक्यांच्या आजारपणाच्या चादरी शुभ्र केल्या, त्यांचे कल्याण असो; जो हात त्या कामी गेला, त्याचेही. आणि ज्याच्याकडून वेळेवर शब्द निघाला नाही, त्यालाही तो शब्द कधीतरी लाभो.