छताचं भोक

मारोतीनं आल्या आल्या वर पाहिलं. छताला हे एवढं भोक! परातीएवढं!

वाशीच्या मैदानावर त्याच्या राजश्रीनं एका जपानी आर्किटेक्टच्या कामाचं प्रदर्शन मांडलं होतं. मंडपात फोटो नि छोटे नमुने, आणि बाहेर त्या साहेबाच्या नकाशाबरहुकूम उभारलेलं अख्खं लाकडी घर. पोरीचं पहिलंच मोठं काम. दुपारी साहेब स्वतः यायचा होता आणि घर हे असं! सुतारानं गंडवलं लेकीला, दुसरं काय? तिला सांगावं, तर ती पाहुण्यांना आणायला गेलेली. वर आभाळ भरून आलेलं. चारचौघांत पोरीची नाचक्की होणार आणि बापानं हातावर हात धरून बसायचं?

मारोती रिक्षानं कोपरखैरण्याला घरी गेला, माळ्यावरची निळी ताडपत्री घेऊन आला, मंडपवाल्याची शिडी लावली आणि भोकावर ती अशी आवळली, की वादळ आलं तरी हलायची नाही.

"पप्पा! हे काय केलंत?" खालून राजश्री किंचाळली. "अहो, ते भोक मुद्दाम ठेवलंय! घरात बसून पाऊस बघायचा, हीच तर त्यांची आयडिया!"

"घरात पाऊस? येडा हाय का त्यो?"

"साहेब गेटवर आलेत, पप्पा! काढा आधी!"

आता त्याच्या गाठी त्यालाच सुटेनात. शेवटी दातांनी सोडवल्या. ताडपत्री काखेत मारून तो गर्दीच्या मागं जाऊन उभा राहिला. भलं करायला गेलो नि पोरीचं वाटोळंच करत होतो, म्हणून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राजश्री बरोबर भोकाखाली उभी राहून पाहुण्यांना घर समजावून सांगत होती, तेवढ्यात सर आली. पाणी थेट घरात! लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेब खूश. राजश्री भिजत होती, तरी बोलतच होती.

पाऊस पडायलाच हवा, हे मारोतीला आता कळत होतं. पण लहानपणापासून जरा भिजली की तापानं फणफणणारी पोर ती! राहवेना. गर्दीतून वाट काढत तो पुढं गेला आणि आपली काळी छत्री तिच्या डोक्यावर धरली.

कुणीतरी हसलं. राजश्रीनं वळून पाहिलं. मारोतीला वाटलं, संपलं, घातला पुन्हा घोळ.

तिनं छत्रीचा दांडा त्याच्या हातासकट घट्ट धरला.

"हे माझे पप्पा," ती पाहुण्यांना म्हणाली. "आमच्या पत्र्यालाही भोक होतं. पाऊस आला की रात्रभर हे असेच माझ्यावर छत्री धरून उभे असायचे."

मारोतीला कुठं बघावं तेच कळेना. तो आपला छत्रीच्या कडेनं वरच्या भोकाकडं बघत राहिला.