नऊ डाव उकिडवं

बाळारामचा संघ एकवीस-शून्यनं हरला. आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरू. सामना अजून व्हायचाय, उगाच त्याला नाउमेद कशाला करा.

बाळाराम मूळचा चिपळूणचा लादीवाला. सत्त्याण्णव साली रियाधला, अल सुलैच्या एका पाइप कंपनीच्या गोदामात लाद्या बसवायला आला. पहिल्याच दिवशी सहा तास उकिडवा बसला, बिडीलाही उठला नाही. कंपनीचा बेसबॉलचा संघ होता, आणि फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा कॅचर काही टिकत नव्हता. मॅनेजरनं त्याच्या हातातली थापी काढून ग्लव्ह दिला. पुढची दहा वर्षं बाळाराम पगारी कॅचर. गोदामाची अर्धी फरशी अजून तशीच आहे.

मग त्याचे गुडघे वाजू लागले. प्रेक्षकांना चेंडूपेक्षा तेच जास्त ऐकू येत.

कंपनीचा कामगारांचा कॅम्प बघणारा राजापूरचा रहमतुल्ला म्हणाला, "बाळाराम, आता कोच हो. तीन आठवड्यांनी शुक्रवारच्या सामन्यात तुझा नवा कॅचर सगळे नऊ डाव बसला तर तू राहिलास. मध्येच उठला तर खलास, तुझं घरचं तिकीट."

"आणि सामना हरलो तर?"

"जिंकलोय कधी?"

नवा कॅचर हाशिर, ओलायातल्या हेड ऑफिसचा कॉम्प्युटरवाला. ऑफिसातल्या चाकाच्या खुर्चीनं त्याची पार वाट लावलेली. टाचा टेकवून बसला की मागे कलंडायचा.

"मुरुडचा ना रे तू? आई मासळी कापताना कशी बसते?"

"विळीवर, भाऊ. पण तिच्यावर कुणी चेंडू मारत नाही."

तीन आठवडे बाळारामनं त्याला चहा, जेवण, फोन, सगळं उकिडवं करायला लावलं. फोनवर कण्हणं ऐकून हाशिरच्या बायकोनं, झेबानं, मुरुडहून काढा पाठवला.

शुक्रवारी सहाव्या डावात हाशिर पांढराफटक पडला. बाळाराम रेषेबाहेर, त्याला दिसेल असा, कडकड करत उकिडवा बसला.

"अख्खी खोली बघू नको रे! पुढची लादी बघ!"

"कुठली लादी, भाऊ?"

"हाच चेंडू! तो झाला की दुसरी!"

हाशिर एकेक लादी करत नववा डाव बसला. स्कोअर कुणी विचारला नाही. उठता मात्र येईना, म्हणून चौघांनी त्याला तसाच, कुंडीसारखा उचलून बसमध्ये ठेवला. रहमतुल्लानं तिथूनच फोन करून बाळारामचं तिकीट रद्द केलं.

शनिवारी कोचचा पहिला अर्ज हेड ऑफिसात पोचला:

"महोदय, पुढील हंगामासाठी राखीव कॅचर तयार करावयाचे असल्याने, ओलाया कार्यालयातील जनरल मॅनेजरसाहेबांसह सर्व कर्मचाऱ्यांच्या खुर्च्या सहा महिन्यांकरिता अल सुलै गोदामात जमा करून घेण्याचा आदेश व्हावा, ही नम्र विनंती."