माझे आटे शाबूत आहेत

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना जबडा आहे, पण कोणाच्या तोंडातून निसटलेला नाही. दाताचे डॉक्टर होऊ पाहणारी मुले आधी माझ्यावर हात बसवतात. माझ्या हिरड्या गुलाबी रबराच्या आहेत आणि बत्तीसच्या बत्तीस दात, अक्कलदाढांसकट, एकेका स्क्रूने आवळलेले आहेत. दात खराब झाला की काढायचा आणि नवा बसवायचा. माणसांना ही सोय नाही.

कारखान्यातून मी थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे आमची देखभाल करणाऱ्या काकू दर शनिवारी माझे स्क्रू तपासत. "हा माझा सगळ्यात गुणी जबडा," असे त्या नव्या मुलांना सांगत. ते ऐकून मी थोडा फुगतही असे, खोटे कशाला बोलू?

मग मला एका मुलीच्या ताब्यात दिले. घरी तिला सगळे टिटवी म्हणत, कारण खोलीत कोणी नसले तरी ती बोलत असे. आईच्या शिवणयंत्राच्या टेबलाला मला आवळून ती सरावाला बसे. ड्रिल सुरू करण्यापूर्वी दर वेळी म्हणे, "घाबरू नका हं. दुखलं तर हात वर करा."

आई हसायची. "अगं, रबराला कसलं दुखतंय?"

"सवय लागायला हवी ना, आई."

मला ते फार आवडे. पाच वर्षांत मला इतक्या प्रेमाने दुसऱ्या कोणी विचारले नाही. तिच्या वहीत कामांची यादी होती, इतक्या दाढा भरायच्या, इतके दात काढायचे, आणि प्रत्येक कामापुढे सरांची सही लागे. टिटवीने एकही सही फुकटची घेतली नाही. याला साक्षीदार मी आहे.

अडले ते परवान्याच्या परीक्षेत. परीक्षकांनी आधी तपासलेल्या अखंड दाढेत खळगा कोरायचा. खाली नसेच्या जागी लाल ठिपका असतो. तो दिसला की नापास. टिटवीचा हात घाईचा होता. दोनदा तिला ठिपका दिसला. संधी तीनच असतात. तिसरी हुकली असती तर एवढे शिकूनही तिला कोणाच्या दाताला हात लावता आला नसता.

महिनाभर तिने माझ्यावर दाढांमागून दाढा कोरल्या. अकरा वाया गेल्या. बारावी अशी साधली की आईने शिवण थांबवून ती निरखून पाहिली. टिटवीने ती दाढ काढून आईच्या बटणांच्या डबीत ठेवली. मला वाटले, आठवण म्हणून ठेवली असेल. भोळाच मी.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी माझी अखंड दाढ पाहून कागदावर सही केली आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. टिटवीने ड्रिल लावले. त्या दिवशी ती एक शब्दही बोलली नाही. थोड्याच वेळात लाल ठिपका दिसला. तिने इकडेतिकडे पाहिले, दाढ काढून एप्रनच्या खिशात टाकली आणि दुसऱ्या खिशातून ती बारावी काढली. घाईघाईत स्क्रू अर्धाच आवळला.

परीक्षकांनी परत येऊन सळई लावली. "दाढ हलतेय."

"जबडा जुना आहे, सर," टिटवी म्हणाली. "याचे आटे गेलेत."

मित्रांनो, माझे आटे! दर शनिवारी तपासलेले! तिने सगळे खापर माझ्यावर फोडले, आणि मी तोंड असून मुका. परीक्षकांनी मान डोलावली आणि ती पास झाली.

आठवड्याने ती मला परत करायला आली. परत देताना दात मोजून द्यावे लागतात, आणि ती बारावी दाढ तर परीक्षकांनी ठेवून घेतली होती. तेव्हा तिने खिशातली ती भोक पडलेली दाढ माझ्यात बसवली, या वेळी अगदी घट्ट. काकूंनी एकेक स्क्रू फिरवून पाहिला.

"आटे तर ठणठणीत आहेत गं. मग ती दाढ हलली कशी?"

"काकू, झालं ना आता," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

 पण आटे गेलेला जबडा बाद करा, असा परीक्षकांकडून हुकूम आलेला होता. काकूंनी माझ्या कपाटावर 'बाद' अशी चिठ्ठी चिकटवली. तेव्हापासून मी इथे धूळ खात आहे. तक्रार तरी कोणाकडे करू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नावे ठेवण्यापूर्वी तिचा एक स्क्रू फिरवून पाहा, एवढीच माझी विनंती आहे. आणि कधी दाढ दुखली, तुम्ही खुर्चीत बसलात आणि एखादी डॉक्टरताई गोड आवाजात म्हणाली, "घाबरू नका हं, दुखलं तर हात वर करा," तर लाजू नका. लगेच हात वर करा. मला हात नव्हते.